अकरा महिन्यांची बाग

पाचगणीहून पुण्या-मुंबईकडे परतणारी गाडी ओळखायची एक सोपी खूण सांगते. डिकीत डोकवायचं. आत स्ट्रॉबेरीचे दोन बॉक्स, जॅमच्या बाटल्या, कुणाचं तरी ओलं जर्किन आणि या सगळ्याच्या मधोमध व्हीआयपीसारखी बसवलेली एक कुंडी. कुंडीत पिटुनिया. जांभळा, टपोरा, फुलांनी नुसता लगडलेला. पसरणीच्या घाटातली वळणं सुरू झाली की मागच्या सीटवरचं कुणीतरी वळून त्या कुंडीला हात लावून बसतं. 'मला कधी एवढं जपलंस का रे?' हा डायलॉगही हमखास होतो.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. कोथरूडच्या नाहीतर ठाण्याच्या सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत तो पिटुनिया दहा दिवस झकास दिसतो. फोटो काढून होतात, लाइक्स मिळतात. मग एकेक पान पिवळं पडायला लागतं. तिसऱ्या आठवड्यात नुसत्या काड्या. आणि मग ते सुप्रसिद्ध वाक्य, 'माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत बाबा!'

मंडळी, हे वाक्य आजपासून बंद. तुमच्या हाताचा यात काही दोष नाही. जरा त्या पिटुनियाच्या बाजूने विचार करा. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंचीवर. तिथल्या नर्सरीत तो शेडनेटखाली, थंड रात्रींत, ठरल्या वेळी मिळणाऱ्या पाण्या-खतावर वाढलेला. ऐन बहरात आला, म्हणजे करिअरमधला बेस्ट परफॉर्मन्स सुरू झाला आणि नेमकी तेव्हाच त्याची बदली झाली. तीही पश्चिमेकडे तोंड असलेल्या, दुपारी तव्यासारख्या तापणाऱ्या बाल्कनीत. शिवाय आपल्याकडे पिटुनिया हे हंगामी झाड. थंडीत फुलायचं, ऊन तापलं की आटोपतं घ्यायचं, हा त्याचा शिरस्ता. मार्चअखेर विकत आणलेल्या पिटुनियाने जूनपर्यंत राहावं ही अपेक्षाच चुकीची.

मग करायचं काय? अगदी साधं. कुंडी आणायच्या ऐवजी बी आणायचं. त्या एका भरल्या कुंडीच्या पैशांत बियांची चार-पाच पाकिटं येतात. ती खिशात मावतात, घाटात सांडत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या बीतून येणाऱ्या रोपाने तुमच्या बाल्कनीखेरीज दुसरी जागाच बघितलेली नसते. तिथलं ऊन, तिथला वारा, खालच्या रस्त्यावरची धूळ, सगळ्याची त्याला पहिल्या पानापासून सवय. ते तक्रार करत नाही.

सगळेच भाडेकरू

पाचगणीत आज जे टिपिकल 'पाचगणी' दिसतं, त्यातलं बरंचसं कुणीतरी असंच बी म्हणून किंवा रोप म्हणून बाहेरून आणलेलं आहे. महाबळेश्वरचा पाऊस भयंकर, तिथे पावसाळ्यात राहणं साहेब लोकांना झेपेना. थोड्याच अंतरावरच्या या डोंगरावर पाऊस त्या मानाने कितीतरी कमी. म्हणून १८६०च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने इथे वर्षभर राहता येईल असं गाव वसवायला घेतलं. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या अध्येमध्ये. या चेसनसाहेबाला झाडांचा नाद होता. बाहेरची झाडं आणून तो इथे लावून बघायचा. त्यातले सिल्व्हर ओक आणि पॉइन्सेटिया असे काही रुजले की आज त्यांच्याशिवाय पाचगणीचं पोस्टकार्ड पूर्ण होत नाही. चेसन मेलाही इथेच. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याचं थडगं आहे.

गंमत म्हणजे सिल्व्हर ओक हा ओक नाहीच, तो आला ऑस्ट्रेलियातून. पॉइन्सेटिया मेक्सिकोचा. त्याची ती लालभडक 'फुलं' म्हणजे खरं तर पानं, रात्री मोठ्या व्हायला लागल्या की लाल होणारी. बंगल्यांपुढचे डेलिया मेक्सिकोचे. इतकंच कशाला, दसऱ्याला दारावर तोरण लावतो तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. सदाफुली मादागास्करची, गुलबक्षी दक्षिण अमेरिकेची. म्हणजे आपण ज्यांना अगदी घरचं समजतो ती सगळी मंडळी कधीतरी परक्या मुलखातून आलेली भाडेकरूच. आता दसऱ्याला कोण झेंडूचा पासपोर्ट मागतो?

हे सगळं सांगण्याचं कारण तुम्ही आणि मी. आपल्यातले बरेच जण कुठून कुठून आलेले. कुणी साताऱ्याचं, कुणी सांगलीचं, कुणी लातूर, कुणी अकोला. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स अॅग्रीमेंट, डिपॉझिट, ब्रोकर, टेम्पो. मी गेल्या सहा वर्षांत चार घरं बदलली. आणि या काळात मित्रमैत्रिणींच्या तोंडून एक वाक्य किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. 'स्वतःचा फ्लॅट झाला ना, की मस्त बाग करणार!' स्वतःचा फ्लॅट होईपर्यंत पडदे लावायचे नाहीत, पुस्तकांना रॅक घ्यायचा नाही, भिंतीला खिळा ठोकायचा नाही (तो तर मालकच ठोकू देत नाही!) आणि झाडं लावायची नाहीत. जगणं जणू पझेशन मिळेपर्यंत पेंडिंग.

आता जरा हिशेब करा. झेंडूचं बी पेरल्यापासून पहिलं फूल साधारण दोन महिन्यांत. झिनियाला दीड ते दोन. पिटुनिया जरा नखरेल, त्याला अडीच ते तीन. त्यानंतर दीड-दोन महिने फुलं आणि मग पुन्हा बी. म्हणजे हंगामी फुलाचं आख्खं आयुष्य चार-पाच महिन्यांचं. तुमच्या एका अॅग्रीमेंटमध्ये दोन बागा आरामात बसतात! नारळ लावायचा असेल तर जरूर स्वतःच्या जमिनीची वाट बघा. झेंडूसाठी नको.

आत्याचा डबा

ही अक्कल मला आली ती माझ्या आत्यामुळे. आत्या पाचगणीतल्या एका बोर्डिंग शाळेत नोकरीला होती. एकतीस वर्षं शाळेच्याच क्वार्टरमध्ये राहिली. दोन खोल्या आणि पुढे अंगण. त्या अंगणात तिने काय नाही लावलं! नॅस्टर्शियम, पॅन्सी, फ्लॉक्स, डायन्थस, कुंपणाला स्वीट पी, मोरीच्या पाण्यावर निळा हायड्रेंजिया. विकत आणलेलं जवळजवळ काहीच नाही. बंगल्यांवरच्या माळीकाकांकडून मूठभर बी, हिच्याकडचं मूठभर त्यांना. कुंड्या म्हणजे तेलाचे डबे आणि फुटक्या बादल्या.

मग रिटायरमेंट. क्वार्टर मेअखेर सोडायची. पुढचा मुक्काम वाईला, दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये. सामान बांधायला म्हणून मी आठवडाभर रजा टाकून गेले, तर आत्या स्वयंपाकघराला हात लावायलाच तयार नाही. सकाळी उठायची आणि अंगणात जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आत्या, अगं टेम्पो रविवारी येणार आहे. कुंड्या न्यायच्या का?"

"कुंड्या नेऊन ठेवू कुठं? चार फुटांची गॅलरी हाय ती."

"मग हायड्रेंजियाची एखादी फांदी तरी..."

"काही नको," ती म्हणाली. "नवीन येईल ती बाई पाणी घालंल न्हाईतर न्हाई घालायची. माझं काय ऱ्हायलंय आता इथं?"

यावर मी काय बोलणार? एकतीस वर्षांचं अंगण आणि त्यातला एक वीतभरही तिच्या नावावर नाही. आपल्याला ऑफिसमधला डेस्क बदलला तरी दोन दिवस चैन पडत नाही.

पण शनिवारी दुपारी बघते तर आत्या अंगणात उकिडवी बसून वाळलेली बोंडं खुडतेय. शेजारी जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. प्रत्येक पुडीवर तिच्या बारीक अक्षरात नाव आणि महिना. 'डायन्थस, गुलाबी, एप्रिल.' 'फ्लॉक्स, मिक्स.' 'नॅस्टर्शियम, केशरी.' मी पण बसले. दोन तासांत आम्ही अठरा पुड्या केल्या. डबा बंद करताना ती म्हणाली, "टेम्पोत न्हाई टाकायचा हां. ह्यो माझ्या मांडीवर."

वाईत सगळंच रुजलं असं मात्र झालं नाही. वाई घाटाच्या खाली, पाचगणीपेक्षा बरीच उष्ण. पॅन्सीने पहिल्याच वर्षी हात टेकले. स्वीट पीला चारच फुलं आली. डायन्थस मात्र ऐसपैस पसरला, फ्लॉक्सही. आणि पावसाळ्यात शेजारच्यांनी दिलेल्या झिनियाने तर गॅलरी भरून गेली. आत्याने आता पॅन्सीचा नाद सोडलाय. डब्यात झिनियाची पुडी आलीय. त्या जिन्यातल्या तीन बिऱ्हाडांत तिची रोपं आहेत आणि ती सगळी बिऱ्हाडं तिला आता नावाने ओळखतात.

डब्यातल्या चार पुड्या माझ्याकडे आहेत. तेव्हापासून मी घर बदलताना कुंड्यांची काळजी करत नाही.

नुसतं पेरायचं... पण नीट

आता प्रॅक्टिकल. बी लावणं रॉकेट सायन्स नाही, पण चार गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली, वेळ. आपल्याकडे हंगामी फुलांच्या तीन पाळ्या. मे-जूनमध्ये पेरायचा तेरडा, झेंडू, झिनिया, कोंबडा आणि बटणफूल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्स, अॅस्टर, कॅलेंडुला, नॅस्टर्शियम. ही थंडीची फुलं. फेब्रुवारीत उन्हाळ्यासाठी पुन्हा झिनिया, शिवाय पोर्टुलाका आणि सूर्यफूल. मार्चमध्ये पॅन्सी पेरून रडत बसू नये. पाकिटावर तारीख असते ती बघा. बी जितकं जुनं, तितकं कमी उगवतं.

दुसरी, भांडं. महागडे ट्रे नकोत. मिठाईचा प्लास्टिकचा डबा, दह्याचे कप, आइस्क्रीमचा टब, काहीही चालतं. तळाला चार भोकं मात्र हवीतच. आत निम्मं कोकोपीट, निम्मं चाळलेलं गांडूळखत. नुसती बागेतली माती पहिल्या टप्प्यात नको, ती घट्ट बसते आणि नाजूक मुळाला वाट मिळत नाही.

तिसरी, खोली. सोपा नियम म्हणजे बीच्या जाडीच्या दुप्पट माती वर. नॅस्टर्शियमचं बी वाटाण्याएवढं, ते रात्रभर पाण्यात भिजवून बोटाच्या पेरभर खोल टोचायचं. झेंडूवर पातळ थर पुरतो. पिटुनियाचं बी मात्र धुळीसारखं असतं, एका ग्रॅममध्ये काही हजार दाणे. ते चिमूटभर बारीक वाळूत मिसळून वर नुसतं भुरभुरायचं आणि माती अजिबात घालायची नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. पाणी ओतायचं नाही, फवारायचं. प्यायच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडली की फुकट झारी तयार.

चौथी, हात आवरणं. जास्त पाण्याने जेवढी रोपं मरतात तेवढी कमी पाण्याने मरत नाहीत. कोवळी रोपं एका रात्रीत देठापाशी काळी पडून माना टाकतात, त्याला शेतकरी 'मर' म्हणतात. ती बुरशी असते आणि तिला ओल आणि कोंडलेली हवा फार प्रिय. म्हणून माती वरून सुकल्यासारखी दिसली की मगच पाणी. ऑफिसातून तीनदा फोन करून 'पाणी घातलंस का?' विचारू नये.

रोपांना मूळच्या दोन जाड पानांनंतरची चार खरी पानं आली की ती वेगळी करून कुंडीत लावा. हे काम संध्याकाळी, म्हणजे रात्रभर त्यांना सावरायला वेळ मिळतो. दोन दिवस सावली, मग हळूहळू ऊन. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. जिवावर येतं, कळतंय मला. पण शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात आणि एका फुलाऐवजी दहा येतात. फुलं सुकली की तीही लगेच खुडायची. झाडाचं सगळं लक्ष बी धरण्यावर असतं. एकदा बी धरलं की त्याच्या दृष्टीने प्रोजेक्ट डिलिव्हर झाला, मग ते नवीन फुलांची तसदी घेत नाही. तुम्ही सुकलेली फुलं काढत राहिलात की ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. हंगाम संपताना मात्र शेवटची चार चांगली फुलं झाडावरच वाळू द्या. ते तुमचं पुढच्या वर्षीचं बी.

इथे एक मेख आहे. पाकिटावर 'एफ-वन हायब्रीड' लिहिलं असेल तर त्या झाडाचं बी धरून उपयोग कमी. पुढची पिढी आईसारखी निघत नाही. रंग, उंची, सगळा घोळ. साधं, देशी म्हणून मिळणारं स्वस्त बी बऱ्याचदा पुढच्या वर्षीही तसंच येतं. म्हणजे स्वस्त बी शेवटी आणखी स्वस्त पडतं. बी सावलीत वाळवायचं, कागदाच्या पुडीत ठेवायचं (प्लास्टिकमध्ये घाम सुटतो), वर नाव-महिना लिहायचा आणि पुडी हवाबंद डब्यात घालून फ्रिजच्या दारात. उरलेल्या सॉसच्या पाऊचशेजारी.

शिफ्टप्रमाणे फूल

आता एक गोष्ट जी कुठल्याही नर्सरीत सांगत नाहीत. फुलांनाही टायमिंग असतं. पोर्टुलाकाला आपल्याकडे 'ऑफिस टाइम' म्हणतात ते उगाच नाही. ऊन चांगलं वर आलं, दहा वाजायला आले की ते उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. म्हणजे तुम्ही सव्वाआठला घर सोडून रात्री आठला परतणार असाल तर आठवड्याचे पाच दिवस तुम्हाला तुमचं फूल दिसणारच नाही! त्याचा उपभोग घेणार शेजारच्या आजी. वर्क फ्रॉम होम असेल तर मात्र ऑफिस टाइमसारखं दुसरं फूल नाही. कडक ऊन, कमी पाणी, दोन इंचांची माती, सगळं चालतं. आणि बीसुद्धा नको, शेजारणीकडची एक काडी खोचली की झालं.

नऊ ते सहावाल्यांसाठी गुलबक्षी. ती ऊन उतरल्यावर, संध्याकाळी उमलते आणि रात्रभर उघडी राहते, कारण तिची ऊठबस पतंगांशी. तुम्ही घामाघूम होऊन लिफ्टमधून बाहेर पडता तेव्हा ती नुकती फ्रेश होऊन बसलेली असते. मिरीसारखं काळं, सुरकुतलेलं बी कुठल्याही जुन्या वाड्याच्या अंगणात सापडेल. फक्त घरात लहान मूल असेल तर जपा, ते बी पोटात जाणं चांगलं नाही.

आणि नाइट शिफ्टवाल्यांनो, तुम्हाला विसरलेले नाही. पहाटे सहाला कॅबमधून उतरता तेव्हा मॉर्निंग ग्लोरी उमललेली असते. निळी, जांभळी, ताजीतवानी. ऊन चढलं की ती मिटते आणि तुम्हीही झोपायला जाता. शिफ्टची पार्टनर असावी तर अशी.

पाचगणीहून आणायचंच असेल तर...

कळतंय, रिकाम्या हाताने परत यायला जिवावर येतं. मग दोन गोष्टी सुचवते.

एक, हायड्रेंजियाची काडी. पाचगणीत तो निळा फुलतो कारण तिथली लाल जांभ्याची माती आम्ल आहे आणि अशा मातीतलं अॅल्युमिनियम झाडाला घेता येतं. तीच काडी तुम्ही चुनखडीच्या काळ्या मातीत लावलीत की फूल गुलाबी. नर्सरीवाल्याने फसवलं असं समजून भांडू नका. झाड तेच, माती बदलली. सावली आणि ओलावा मात्र त्याला हवाच.

दुसरी, स्ट्रॉबेरीचं रोप. महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यातल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय मिळाला. या स्ट्रॉबेरीचं गणित बरोब्बर आपल्या आजच्या विषयाच्या उलट आहे. ती बीपासून करत नाहीत, कारण बीतून आलेलं रोप आईसारखं निघत नाही. परदेशातून मातृरोपं मागवतात, पावसाळ्यात त्यांना लांब दोऱ्यांसारखे धावते फुटवे फुटतात, त्या दोऱ्यांना मुळं धरली की ती वेगळी करून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेतात लावतात. थंडीत फळं. ऑक्टोबरमध्ये गेलात आणि कुणा शेतकऱ्याकडे ओळख निघाली तर चार रोपं मागून बघा. रोपाचा गड्डा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीच्या वर राहील असं लावा, पुरला तर कुजतो. बाल्कनीत किलोभर स्ट्रॉबेरी येणार नाही, आधीच सांगते. पण आठ-दहा आल्या तरी त्यांची चव तुम्ही ऑफिसात आठवडाभर सांगत सुटाल.

आणि एक गोष्ट मात्र आणायची नाही. टेबल लँडच्या पठारावर पावसाळ्यात जी रानफुलं येतात त्यांना हात लावायचा नाही. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर, त्यात त्यांचं सगळं आयुष्य. तुमच्या कुंडीत ती जगत नाहीत. उलटही तितकंच खरं. आपल्याकडचं उरलेलं बी 'निसर्गात रंग भरू या' म्हणून पठारावर किंवा टेकडीवर उधळायचं नाही. पिवळ्या-केशरी कॉसमॉसने पुण्याच्या टेकड्यांवर कसं बस्तान बसवलंय ते बघा. दिसायला छान, पण त्याच्याखाली आपलं गवत आणि आपली फुलं गुदमरतात. २०१२ मध्ये कास पठार जागतिक वारशात गेलं ते तिथल्या स्वतःच्या जिवांमुळे. कुणी तिथे झिनिया लावला म्हणून नाही. भाडेकरूने आपल्या खोलीत कितीही मजा करावी, जिन्यात सामान ठेवू नये.

सुरुवात कशाने करायची असं विचाराल तर माझं मत तेरड्याला. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणून आपण त्याला उगाच बदनाम केलंय. एक फूल तीन दिवस टिकत असेल, पण झाड आठवड्यांमागून आठवडे फुलत राहतं. गणपतीच्या दिवसांत कितीतरी घरांत गौर म्हणून तोच येतो. अर्धवट उन्हाच्या बाल्कनीतही त्याचं भागतं. आणि बोंड पिकलं की नुसता स्पर्श झाला तरी टचकन फुटून बी चहूकडे उडतं. पुढच्या जूनमध्ये तो न पेरता शेजारच्या कुंडीत उगवलेला असतो. तोवर तुम्ही घर बदललेलं असलंत, तर नव्या भाडेकरूला.

तेव्हा या शनिवारी एवढंच करा. कॅलेंडर बघा, कुठली पाळी चालू आहे ते ठरवा, एक पाकीट आणा. दोन नको, एकच. फ्रिजमधला आइस्क्रीमचा टब संपवा (हे काम कुणालाही जमतं), तळाला भोकं पाडा, बी पेरा आणि टबावर तारीख लिहा. अॅग्रीमेंट कधी संपतंय ते बघू नका. निम्मं बी उगवेल, त्यातलं निम्मं जगेल आणि तेही तुमच्या बाल्कनीला जास्तच होईल. जास्तीची रोपं दह्याच्या कपात घालून समोरच्या फ्लॅटची बेल वाजवा. सहा महिने शेजारी राहून ज्यांचं नाव माहीत नाही, त्यांचं नाव त्या दिवशी कळेल.